घड एप्रिलातच ठरतो

"आत्या, एवढे वीस हजार भरून निघू देत. निघाले की त्याच रात्री ॲप काढून टाकतो बघ. शप्पथ."

भाचा हे सांगत होता तेव्हा आम्ही तासगावजवळ दादाच्या द्राक्षबागेत उभे होतो. महिना एप्रिल. खरड छाटणी नुकतीच झालेली, त्यामुळं बागेत पान नाही, सावली नाही. नुसते खांब, तारा आणि तारांवर आडवे पसरलेले उघडे ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड फांद्या. पाहुणे बाग बघायला येतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, घड भरल्यावर. एप्रिलातल्या बागेत फोटो काढायला कुणी येत नाही.

वीस हजार त्यानं मोबाइलवरच्या रमीत घालवले होते. त्याआधी पंधरा घालवले होते, आणि सगळ्यात आधी सहा हजार जिंकले होते. खरा घोटाळा त्या सहानं केला. त्याच्याकडं पुढं येते.

मी सांगलीत मानसशास्त्र शिकवते, त्यामुळं घरातला कुणीही असा अडकला की त्याला माझ्याकडं पाठवायची पद्धत पडली आहे. मीही सुरुवातीला इतरांसारखंच उपदेश करून बघितला. उपयोग शून्य. मग लक्षात आलं, की या पोराला मोह वाईट असतो हे माहीत आहे. आपल्या डोक्यात नेमकं काय चाललंय, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नाही. तेवढं समजलं की निम्मी लाज कमी होते, आणि लाज कमी झाली की माणूस खरं बोलायला लागतो. म्हणून त्याला त्या दिवशी आणि नंतर दोन-चार बैठकांत जे सांगितलं, ते इथं लिहिते.

सगळ्याचं मूळ एका गोष्टीत आहे. मेंदूत 'हवंय' आणि 'आवडलं' अशी दोन वेगळी खाती असतात. आपण समजतो एकच आहे. पहिल्या खात्यात कितीही भरणा केला तरी तो दुसऱ्यात आपोआप वळता होत नाही.

हात थांबत नाही, चव तर केव्हाच संपली

भडंगाचं उदाहरण घ्या. पहिल्या दोन मुठी खरंच चवीच्या असतात. लसूण लागतो, शेंगदाणा लागतो, तिखट नाकात जातं. पाचव्या मुठीला चवीकडं लक्षच नसतं, तरी हात पिशवीत जातोच. त्या वेळी कुणी विचारलं, "लई आवडलं का रे?" तर आपण दचकतो. आवडणं मघाशीच संपलेलं असतं. हवं असणं तेवढं चालू असतं.

हे दोन वेगळे आहेत हे शास्त्रज्ञांनाही उशिरा कळलं. १९५४मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यात एक कळ ठेवली. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळायचा. उंदीर ती कळ दाबतच सुटले. लोकांनी निष्कर्ष काढला, सुखाचं केंद्र सापडलं! तिथं काम करणाऱ्या डोपामिन या रसायनाला 'आनंदाचं रसायन' हे नाव पडलं आणि ते आजही व्हॉट्सॲपवर फिरतं. ते चुकीचं आहे.

चूक कशी कळली ते मजेशीर आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. दिवा लागायचा आणि क्षणभरानं माकडाला फळांच्या रसाचा थेंब मिळायचा. सुरुवातीला डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर चमकायच्या. माकड सरावलं तशी गंमत झाली. पेशी दिवा लागताच चमकायला लागल्या आणि रस मिळताना गप्प राहू लागल्या. दिवा लागला पण रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळेला त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जायची. म्हणजे डोपामिन सुखाचं माप सांगत नाही. ते बातमी देतं: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं, की कमी. ठरल्याप्रमाणं मिळालं तर त्यात बातमी कसली?

गाडी बुक केल्यापासून शोरूममधून बाहेर निघेपर्यंतचे दिवस आठवा. आणि मग चौथ्या महिन्यात त्याच गाडीवरून भाजी आणायला जातानाचा चेहरा आठवा.

दुसरा धागा केंट बेरिज या अमेरिकी संशोधकानं धरला. त्यानं अशा उंदरांकडं पाहिलं ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलेलं होतं. ते उंदीर खाण्याकडं एक पाऊल टाकत नव्हते. समोर अन्न असून उपाशी मेले असते. पण जिभेवर साखरपाणी सोडलं की मात्र पहिल्यासारखेच मिटक्या मारायचे. आवडणं शाबूत होतं, हवं असणं गेलं होतं. व्यसनात याच्या बरोबर उलटं होतं. हवं असणं फुगत जातं आणि आवडणं आहे तिथंच राहतं, किंवा आटतं.

मराठीत याला नेमका शब्द आहे: चटक. 'मला भडंग आवडतं' आणि 'मला चटक लागली' यातला फरक आपली आजी प्रयोगशाळेशिवाय ओळखायची. चटक लागलेल्या माणसाला ती वस्तू आवडते, असं त्या शब्दात कुठंच म्हटलेलं नाही.

भाच्याला मी विचारलं, "खेळताना मजा येते का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पहिल्या महिन्यात येत होती."

गळ टाकून बसलेला माणूस

आता ते सहा हजार. कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. दर पाच मिनिटांना हमखास मासा लागला असता तर ते लवकर कंटाळून उठले असते, आणि कधीच लागला नसता तरी उठले असते. कधी लागेल सांगता येत नाही, म्हणूनच ऊन डोक्यावर आलं तरी गळ पाण्यातच. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर हेच पुन्हापुन्हा तपासलं आणि १९५७मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. बक्षीस किती टोचा मारल्यावर मिळेल याचा नेम नसेल, तर कबूतर सगळ्यात चिकाटीनं टोचा मारतं, आणि बक्षीस बंद झाल्यावरही सगळ्यात उशिरा थांबतं. मटका, लॉटरी, मोबाइलवर अंगठ्यानं खाली ओढून नवं काही आलंय का बघणं, सगळ्यांचा साचा हाच.

त्यात भर 'थोडक्यात हुकलं'ची. ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवलं, की जुगारात अगदी थोडक्यात हुकणं हे हरणंच असलं, तरी मेंदूतले जिंकताना जागे होणारे भाग तेव्हाही जागे होतात. हुकल्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा खेळावंसं जास्त वाटतं. अभ्यासात किंवा तालमीत 'थोडक्यात हुकलं' याला अर्थ असतो, कारण तिथं कसब वाढत असतं. पत्त्यांच्या पुढच्या वाटपाला तुमचं मागचं हुकणं माहीत नसतं.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. दादाला वाटलं, सुटलो. पण चटक कायदा वाचत नाही. पोरानं मध्यंतरी शेअर बाजारातले ऑप्शन्सचे सौदे करून बघितले. आता तो जुगार खेळत नव्हता, 'ट्रेडिंग' करत होता. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये पाहणी जाहीर केली होती. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के जण तोट्यात गेले. हा आकडा मी त्याला सांगितला. तो म्हणाला, "मग सात टक्के हायतच की." याला म्हणतात आशा.

आशा आणि आशेचं सोंग

त्याला हसायचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी मीही एका योजनेत पन्नास हजार घातले होते. महिना दहा टक्के परतावा. ओळखीच्या बाईंनी सांगितलं, त्यांना मिळत होते. मला तीन महिने नियमित पाच-पाच हजार आले. चौथ्या महिन्यात 'सर्व्हरची अडचण' आली आणि पाचव्यात कार्यालयाला कुलूप. आवळा देऊन कोहळा काढणं ही म्हण मी शाळेत दहा मार्कांसाठी पाठ केली होती. अर्थ पन्नास हजारांत कळला. बरं, वजाबाकी केली तर पस्तीसच गेले, असं मी वर्षभर स्वतःला समजावत होते!

साधं गणित त्या वेळी करायला हवं होतं. महिना दहा टक्के चक्रवाढीनं धरले तर एका लाखाचे वर्षात तीन लाख तेरा हजारांवर होतात, आणि पाच वर्षांत तीन कोटींवर. असा धंदा खरंच कुणाला सापडला असता, तर तो माझ्या पन्नास हजारांसाठी माझ्या दारात कशाला आला असता? जुन्यांना नव्यांच्या पैशातून द्यायचं ही युक्ती चार्ल्स पॉन्झी याच्या नावानं ओळखली जाते. १९२०मध्ये बोस्टनला तो ४५ दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ करत होता, आणि त्याच वर्षी सगळं कोसळलं. साखळीचंही तसंच. प्रत्येकानं दहा जण आणायचे म्हटलं, तर सातव्या पायरीला एक कोटी माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे मिळून होते सुमारे ५८ लाख, तेही पाळण्यातली बाळं धरून. २०१९मध्ये कडकनाथ कोंबड्यांची योजना बुडाली तेव्हा आपल्या वाळवा तालुक्यात किती शेतकऱ्यांचे पैसे अडकले, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको.

पण गणित येत नव्हतं म्हणून मी फसले नाही. मला गणित करायचं नव्हतं. त्या वर्षी घराचं कर्ज, सासूबाईंचं आजारपण, सगळं अंगावर आलं होतं, आणि त्या पन्नास हजारांनी मला पाच महिने रात्रीची झोप दिली. खोटी आशा विकत घेताना आपण नफा विकत घेत नसतो. काळजीतून मिळालेली सुटी विकत घेत असतो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो आधार खोटा असला तरी दिलासा त्या क्षणी खराच असतो. म्हणून अशा माणसाला 'मूर्ख' म्हणून काही साधत नाही. कशापासून सुटका हवी होती, हे विचारायला हवं.

हीच गोष्ट संकल्पांची. जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी 'खोट्या आशेचा फेरा' नीट मांडला आहे. उद्यापासून व्यायाम, सोमवारपासून साखर बंद, एक तारखेपासून फोन बाजूला, असं ठरवताक्षणीच बरं वाटायला लागतं. आयुष्य हातात आल्यासारखं वाटतं. काहीच केलेलं नसतं, पण बक्षीस आगाऊ मिळून गेलेलं असतं. मग संकल्प अवाच्या सवा मोठा असल्यामुळं मोडतो, आणि पुन्हा तसंच बरं वाटावं म्हणून माणूस आणखी मोठा संकल्प करतो. 'वीस हजार निघाले की ॲप काढतो' हा त्याच जातीचा.

मग सगळी आशा सोडायची का? दादा दर वर्षी आशेवरच जगतो. फळछाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला, बाग फुलोऱ्यात असताना ढग बसले, तर डाउनी हा बुरशीचा रोग पडतो आणि घड कुजतात. वर्षाचा खर्च मातीत. तरी त्याच्या आशेत आणि माझ्या दहा टक्क्यांत फरक आहे. चार्ल्स स्नायडर यांनी आशेचे दोन पाय सांगितले होते: वाट दिसणं आणि त्या वाटेनं चालायचं बळ आपल्यात आहे असं वाटणं. दादाला विचारलं, "घड कसा येणार?" तर तो अर्धा तास बोलेल: पाणी, शेंडा, फवारणी, डोळा. मला कुणी विचारलं असतं, "दहा टक्के कुठून येणार?" तर माझं उत्तर एवढंच होतं, "त्यांना येतात म्हणे." वाट विचारली की खोटी आशा तोतरी होते.

पैशाचं काय?

इथं थोडं थांबायला हवं. कारण असल्या लेखांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं: पैशानं सुख मिळत नाही. ते बहुधा पगार वेळेवर येणारे लोक लिहितात.

१९७८मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात अपंग झालेले २९ जण आणि शेजारपाजारचे साधे २२ जण यांची तुलना केली. 'लॉटरीवाला आणि अपघातवाला शेवटी सारखेच सुखी होतात' असं त्यातून सर्रास सांगितलं जातं. मूळ पाहणी तसं म्हणत नाही. लॉटरीवाले साध्या लोकांपेक्षा विशेष सुखी आढळले नाहीत, आणि गप्पा मारणं, न्याहारी करणं असल्या रोजच्या गोष्टींत त्यांना कमी गोडी वाटत होती, हे खरं. पण अपघातग्रस्त बाकीच्यांपेक्षा कमी सुखी होते. दुःखाची सवय होते, पण पुरती होत नाही. शिवाय २२ माणसं म्हणजे एका बोळातली घरं. २०२०मध्ये स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांची खूप मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कित्येक वर्षांनीही जास्त होतं.

म्हणजे पैसा काम करतो. तो चिंता उचलतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला 'समाधान मानून घे' सांगणं हा आगाऊपणा आहे. त्याला समाधानाआधी कर्जाची फेड हवी. पैशाला एकच गोष्ट जमत नाही: सकाळी उठण्याला कारण देणं. ते दुसरीकडून आणावं लागतं.

समाधान म्हणजे नेमकं काय जुळतं

'समाधान' हा शब्द मला फार आवडतो. त्याची घडण संस्कृतातली, अर्थ नीट एकत्र ठेवणं, जुळवणं. म्हणूनच आपण शंकेचंही समाधान करतो. मजा मिळते, सुख लागतं, पण समाधान होतं. ते कशाचं तरी होतं, काहीतरी जुळून येतं तेव्हा. कठोपनिषदानं श्रेय म्हणजे हिताचा आणि प्रेय म्हणजे गोड वाटणारा, असे दोन रस्ते वेगळे काढून ठेवलेच होते. फक्त प्रेय सोडा असं सांगणं सोपं आहे, श्रेयाच्या रस्त्यावर पोराला उद्या सकाळी सातला काय करायला लावायचं ते कुणी सांगत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचं मत मला इथं सगळ्यात उपयोगी वाटतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं माणसाच्या मनाच्या तीन भुका असतात: काम मी स्वतः ठरवून करतोय, ते मला हळूहळू जमतंय, आणि आपलं म्हणणारी माणसं जवळ आहेत. डेसींनी १९७१मध्ये एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काही जणांना प्रत्येक कोड्याचे पैसे दिले, काहींना नाही. नंतर पैसे बंद केले, तर पैसे मिळालेले विद्यार्थी मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी वेळ देऊ लागले. आवडीचं काम कमाईचं झालं आणि आवड पातळ झाली.

तालमीत जाणारं पोर बघा. मातीत उतरायचं त्यानंच ठरवलेलं असतं. महिनाभरात एखादा डाव बसतो, आणि तो बसला की नाही हे अंगालाच कळतं, कुणी लाइक द्यावं लागत नाही. आणि वस्ताद असतो, जोडीदार असतो, नाही गेलं तर घरी निरोप येतो. तिन्ही भुका एका खोलीत भागतात. आमचा भाचा नववीपर्यंत तालमीत जायचा. गुडघा दुखावला, सुटली. त्या जागी दुसरं काही आलं नाही, फोन आला. ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता कुणी पोराच्या फोनबद्दल तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारते, "फोनच्या आधी काय होतं, आणि ते कसं गेलं?"

रमीचा खेळ या तिन्हींची नक्कल करतो, हेही बघण्यासारखं आहे. मी ठरवतोय असं वाटतं, पण पानं दुसराच वाटतो. जमतंय असं वाटतं. टेबलावर पाच नावं असतात, पण त्यातलं कुणी तुमच्या घरी येणार नसतं.

शेवटच्या भुकेबद्दल मला पुस्तकांपेक्षा २०१९च्या महापुरानं जास्त शिकवलं. ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. ज्या शेजाऱ्यांशी गाडी लावण्यावरून दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं, त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही तीन रात्री काढल्या. सासूबाईंची औषधं त्यांच्या मुलानं कमरेएवढ्या पाण्यातून आणली. माझ्या फोनमध्ये तेव्हा सातशेच्या वर नंबर होते, आणि बॅटरी पहिल्याच रात्री गेली होती. हार्वर्डमध्ये १९३८पासून माणसांच्या आयुष्यांचा एक अभ्यास चालू आहे, सुरुवातीला ७२४ जण होते. पन्नाशीत ज्यांची नाती उबदार होती ते ऐंशीत जास्त धडधाकट होते, आणि हा अंदाज बांधायला कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांची माहिती जास्त कामी आली, असं त्यातून निघालं. मी हे वर्गात शिकवत होते. पुरानंतर शिकवताना आवाज थोडा बदलला.

आणि एक गैरसमज. समाधानाचा रस्ता आनंदाचा असतो असं नाही. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये सुखी आयुष्य आणि अर्थपूर्ण आयुष्य यांची तुलना केली. काळजी, ताण, दगदग यांचं नातं अर्थाशी जास्त जुळलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडावं लागलं. त्या दिवशी त्या घरात कुणी आनंदात असेल असं मला वाटत नाही. पण पश्चिम महाराष्ट्रात घरटी एक तरी माणूस रयतेच्या शाळेतून गेलेला सापडतो. आपल्याला कुणाला मंगळसूत्र मोडायला कुणी सांगत नाहीये. एवढंच, की दमणूक आणि असमाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दमल्यावर लगेच करमणूक हवी असं नसतं. कधी नुसती झोप हवी असते.

पुन्हा बागेत

त्या एप्रिलात मी दादाला विचारलं, आता वर्षभर फळ नाही, मग एवढं पाणी, मजुरी, औषधं कशासाठी? तो माझ्याकडं बघतच राहिला. शेतकऱ्याच्या पोरीनं असं विचारावं!

आपल्याकडं द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या लागतात आणि पीक एक. एप्रिलातल्या छाटणीनंतर नवी फूट येते. तिच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे पुढच्या फुटीचा कोंब, तयार होतो, आणि छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत त्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घड बनतो, किंवा बनत नाही. त्या दिवसांत ऊन नीट मिळालं, फूट विरळ केली, वेळेवर शेंडा खुडला, पाणी आणि नत्र हात राखून दिलं, तर डोळा भरतो. पाणी आणि युरिया सढळ सोडला तर बाग हिरवीगार, डोळ्याला सुखावणारी दिसते, आणि आतले डोळे रिकामे राहतात. ऑक्टोबरात छाटल्यावर तिथं घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, येते. तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

"एप्रिलात झोपला त्यानं ऑक्टोबरात नारळ फोडून काय हुतंय?" दादा म्हणाला. हे तो पोराकडं न बघता म्हणाला, पण पोरासाठीच म्हणाला.

आम्ही मोठा संकल्प केला नाही. 'आयुष्यात परत कधी नाही' हे शब्द मी त्याला बोलूच दिले नाहीत. वीस हजार गेले असं धरून ते दादानं वहीत खर्ची टाकले, कारण हत्ती गेला तरी शेपटासाठी ओढाताण चालू होती, ती आधी थांबवायची होती. यूपीआयची दिवसाची मर्यादा पाचशेवर आणली. तल्लफ आली की वीस मिनिटं पुढं ढकलायची, बागेतून एक चक्कर मारून यायची. तल्लफ लाटेसारखी चढते तशी उतरते, फक्त उतरेपर्यंत कुणी थांबत नाही. आणि दोन एकरांचा एक प्लॉट त्याच्या नावावर केला. म्हणजे सातबारावर नाही, दादा तेवढा उदार नाही. फूट किती ठेवायची, पाणी कधी तोडायचं, हे त्यानं ठरवायचं आणि चुकलं तर चुकू द्यायचं, एवढंच.

हे सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणत नाही. कर्जाचा डोंगर झाला असेल, घरातलं चोरून विकण्यापर्यंत गेलं असेल, किंवा काहीच आवडेनासं झालं असेल, भडंगाची पहिली मूठसुद्धा बेचव लागत असेल, तर तो समाधानाचा प्रश्न राहत नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मे महिन्यात त्यानं पाणी जरा जास्तच दिलं. दादा बघत होता, जीभ चावून गप्प बसला. जूनमध्ये एकदा ॲपसारखंच दुसरं काहीतरी फोनमध्ये आलं होतं. त्यानं मला सांगितलं, मी विचारायच्या आधी.

सप्टेंबरात फळछाटणीच्या आधी काडी तपासतात. बागेतल्या निवडक काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथं डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कितव्या डोळ्यावर घड आहे ते सांगतात, आणि त्यावरून काडी कुठं छाटायची ते ठरतं. या वेळी त्याच्या प्लॉटच्या काड्या घेऊन तोच गेला. दुपारी फोन आला.

"आत्या, त्यांनी मला बघू दिलं आत. नुसतं बघून कायच दिसत नाही, पण त्या काचेतनं बघितलं की घडच हाय. एवढुसा."

"किती काड्यांत?"

"धा नेल्या होत्या. सहांत हाय, सहाव्या-सातव्या डोळ्यावर. चार रिकाम्या. मे मधलं पाणी."

"दादा काय म्हणाला?"

"काय नाय. म्हणला, माझ्या पहिल्या वर्षी सात रिकाम्या होत्या." मग थोडं थांबून, "छाटणी आठ तारखेला धरलीय. येतीयास न्हवं?"